खांबताईचा अर्धा सेकंद

हॉटेलातल्या पलंगांची लांबी कोण ठरवतं ते मला माहीत नाही, पण तो माणूस सहा फुटांच्या आतला असणार हे नक्की. अकरा मोसम मी आणि खांब एका खोलीत राहिलो. सामना कुठल्याही गावी असो, खोलीत शिरल्याबरोबर ती बॅग टाकायची आणि पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची ओढून घ्यायची. खुर्चीवर उशी, उशीवर पाय. खुर्ची नसली तर माझी सुटकेस. त्या सुटकेसचं झाकण आज एका बाजूने दबलेलं आहे ते तिच्या टाचांमुळे. मी ती अजून टाकून दिलेली नाही.

खांब हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण संघात तिला दुसऱ्या नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. उंची सहा फूट तीन इंच. धाकट्या मुली आदराने 'खांबताई' म्हणायच्या, आणि एकदा एका पाहुण्या पत्रकाराने ते तिचं आडनाव समजून वहीत लिहूनही घेतलं होतं. मी पाच फूट चार. मला सगळ्या लवंगी म्हणायच्या, कारण उंची कमी आणि तोंड तिखट. आम्ही दोघी रस्त्याने निघालो की लोक आधी तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मग तोंड फिरवून हसायचे. माझं डोकं फिरायचं. ती म्हणायची, "हसू दे गं. आपल्या खिशातलं काय जातंय?"

तिचे वडील ती चार वर्षांची असतानाच गेले. आई शिवणकाम करायची. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी मशीन, आणि मशीनच्या पायाशी चिंध्यांचं गाठोडं. मुलगी एवढ्या वेगाने वाढायला लागली की नवा फ्रॉक घेणं परवडेना, मग आई त्याच फ्रॉकला खालून पट्टी जोडायची. पुढच्या वर्षी आणखी एक. प्रत्येक पट्टी निराळ्या कापडाची, ज्या गिऱ्हाइकाचं उरलं असेल त्याची. खांब सांगायची, "सातवीत माझ्या फ्रॉकला पाच पट्ट्या होत्या. वर्गातली मुलं पट्ट्या मोजून माझं वय सांगायची." हे ती हसत सांगायची, पण शाळेत ती पोक काढून चालायची, हेही तिनेच सांगितलं होतं.

शाळेच्या व्हरांड्यातला एक दिवा गेला होता आणि शिपाई नवा दिवा हातात घेऊन शिडी शोधत फिरत होता. ही तिथून चालली होती. हिने हात वर केला, दिवा फिरवून काढला, शिपायाकडचा नवा लावला आणि वर्गात निघून गेली. खेळाचे सर तोंडात शिट्टी धरून उभे होते, ती त्यांच्या तोंडातून खाली पडली म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बास्केटबॉलच्या मैदानावर बोलावलं.

"मला पळता येत नाही सर," ही म्हणाली.

"पळायला बाकीच्या आहेत. तू नुसती उभी राहा."

नुसती उभी राहा. पुढे तेरा वर्षं तिने पगार घेऊन तेच केलं. ते किती अवघड आहे ते बघणाऱ्याला कळत नाही, म्हणून मी जरा समजावून सांगते. आपली नेमबाज खेळाडू धावत येत असते आणि तिला अडवणारी तिच्या पाठीला चिकटलेली असते. मध्ये आपल्यापैकी एकीने जाऊन भिंतीसारखं उभं राहायचं. हलायचं नाही, कोपर बाहेर काढायचं नाही, नाहीतर फाउल. आपली शेजारून निसटते, मागची मात्र येऊन भिंतीवर आदळते. आपली बास्केट मारते, टाळ्या तिला पडतात आणि भिंतीच्या बरगडीवर काळानिळा डाग पडतो. सामना संपल्यावर जो कागद हातात येतो त्यात गुणांचा रकाना असतो, पासचा असतो, बोर्डावरून परत आलेले चेंडू कुणी धरले त्याचा असतो. आड उभं राहिल्याचा रकाना नसतो. खांबच्या नावापुढे बहुतेक वेळा दोन नाहीतर चार गुण लिहिलेले असायचे.

आमच्यात एक रीत आहे. बास्केट मारलेल्या मुलीने परत फिरताना पास देणारीकडे बोट दाखवायचं. म्हणजे, ही तुझी. चेंडू वाटणं हेच माझं काम असल्यामुळे मला अशी हजारो बोटं मिळाली. खांबकडे बोट दाखवायची मात्र रीतच नव्हती. मी एकदा तिला म्हटलं, "तुला वाईट नाही वाटत?" ती गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधत होती. म्हणाली, "बोटाने काय होतंय? पट्टी दे ती इकडे."

माझ्या तिखट तोंडाचं कौतुक मी पुष्कळ ऐकलं आहे, पण माझी खरी मिळकत म्हणजे माझे डोळे. मैदानावरच्या दहाही जणी एका क्षणी कुठे आहेत आणि पुढच्या क्षणी कुठे असतील ते मला दिसायचं. कोचबाई म्हणायच्या, "लवंगीला दिसलं ना? मग झालं." आणि खांबचा तर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या डोळ्यांवर जास्त विश्वास. रोज सराव संपला की पाणी पीत ती माझ्याकडे यायची आणि विचारायची, "किती?"

मी सांगायचे, "वळताना पाव सेकंद उशीर."

"बरं."

एवढंच बोलणं. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन ती तो पाव सेकंद घोटत बसायची. रिकाम्या हॉलमध्ये एकटीच आड उभी राहते आहे, वळते आहे, हात वर करते आहे. समोर कुणी नाही. पुन्हा उभी राहते, पुन्हा वळते. आणि आठवड्याने मी "बरोबर वेळेत" म्हटलं की ती जसं हसायची तसं तिला टाळ्या पडल्यावरही कधी हसताना मी पाहिलं नाही. मी सांगितलेला आकडा तिने एकदाही तपासून बघितला नाही.

माझं कुठे चुकलं ते आता सांगते.

आमच्या अकराव्या मोसमात आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. त्याआधी दोनदा उपांत्य फेरीत हरलो होतो, त्यामुळे क्लबची माणसं देव पाण्यात घालून बसली होती. आणि त्या सामन्याला खांबची आई आली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. काकू कधी यायच्या नाहीत, कारण लोक मुलीकडे टक लावून बघतात ते त्यांना बघवत नसे. या वेळी सामना त्यांच्याच गावात होता आणि खांबने हट्टच धरला. काकू तिसऱ्या रांगेत बसल्या, मांडीवर पर्स उभी धरून. खांबच्या मनगटांना त्यांनीच शिवलेल्या दोन पट्ट्या होत्या, घाम पुसायला. क्लबच्या पट्ट्या मिळायच्या, पण त्या हिच्या मनगटाला आखूड पडायच्या. काकूंनी लाल चौकड्याचं उरलेलं कापड घेऊन शिवल्या होत्या.

सात सेकंद उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. कोचबाईंनी खेळ थांबवून घेतला आणि गुडघ्यावर फळी ठेवून खडूने रेघा काढल्या. आमची डावखुरी नेमबाज धावत येणार, खांब तिच्यासाठी आड उभी राहणार. प्रतिपक्षाला वाटणार, शेवटची बास्केट डावखुरीच मारणार. म्हणून दोघी-तिघी तिच्यामागे पळणार. त्याच क्षणी खांबने वळून बोर्डाखाली जायचं, हात वर करायचे आणि मी तिला पास द्यायचा. "तिच्याकडे कुणी बघणार नाही," कोचबाई म्हणाल्या. "तेरा वर्षं कुणी बघितलेलं नाही. आज त्याचा उपयोग करू."

खांबने फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे ओठ कोरडे पडले होते. शेवटची बास्केट तिच्या नावाने आखली जाण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. तिने हळूच विचारलं, "देशील ना?"

"वेडी आहेस का?" मी म्हटलं.

शिट्टी झाली. चेंडू माझ्या हातात आला. सगळं फळीवर काढल्याप्रमाणे घडलं, अगदी रेघ न् रेघ. डावखुरी पळाली, दोघी तिच्यामागे गेल्या, तिसरी खांबवर आदळून बाजूला झाली. खांब वळली. बोर्डाखाली ती एकटी. दोन्ही हात वर. तिची नजर माझ्या नजरेला भिडली. तिथून तिचा नेम चुकणं शक्य नव्हतं, सरावात कधी चुकला नव्हता.

आणि माझ्या पुढ्यात मोकळी जागा होती. मागे तीन हजार माणसं उभी राहून ओरडत होती. मी खूप कारणं शोधून बघितली आहेत आणि त्यातलं एकही खरं नाही. खरं एवढंच की मला ती बास्केट माझी हवी होती. अकरा वर्षं वाटपाचं काम केलं, एकदा तरी आपल्या ताटात वाढून घ्यावं असं वाटलं. मी उडी मारली आणि चेंडू सोडला.

गेला आत. चुकला असता तर बरं झालं असतं, असं मी आज म्हणते. तेव्हा नाही म्हटलं. तेव्हा मी दोन्ही मुठी आवळून किंचाळत होते, आणि सगळ्यांत आधी धावत येऊन मला उचलून खांद्यावर घेतलं ते खांबने. त्या उंचीवरून मला सगळा हॉल दिसला. मी कुणाकडे बोट दाखवलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत हसणं, ओरडणं, पाण्याच्या बाटल्या एकमेकींवर ओतणं चाललं होतं. कोचबाई आत आल्या. बाई आनंदातही हिशेब चोख ठेवणाऱ्या. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "जिंकलो ते छान. पण पास का नाही दिलास?"

खांब बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती. तिने मान वर केली नाही. मी नुसतं "मोह झाला" म्हटलं असतं तर कोचबाईंनी एक शिवी दिली असती आणि सगळ्या हसल्या असत्या. त्या दिवशी मला सात खून माफ होते. पण माझ्या तोंडातून निघालं, "ती वेळेत नव्हती, मॅडम. अर्धा सेकंद उशिरा वळली."

'दिसली नाही' म्हणायची सोय नव्हती. सहा फूट तीन इंचाची बाई दिसली नाही म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? म्हणून मी आमच्या धंद्यातली थाप मारली. अर्धा सेकंद. बाहेरच्या माणसाला तो मोजता येत नाही, आणि मोजणारी तर मीच होते. टीव्हीचं चित्रीकरणही उपयोगाचं नव्हतं, कॅमेरा चेंडूमागे धावतो.

कोचबाईंनी खांबकडे बघितलं.

"असेल," खांब म्हणाली. "पाय अडकला असेल. सॉरी गं लवंगी."

तिने माझी माफी मागितली. मी "जाऊ दे गं" म्हटलं. मोठ्या मनाने.

बाहेर काकू पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी आधी लेकीचा घाम पदराने पुसला, त्यासाठी तिला कमरेत वाकावं लागलं, आणि मग विचारलं, "सगळं कळलं मला, पण शेवटी तू हात वर करून कशाला उभी होतीस गं?" खांब काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. टीव्हीवाले मला ओढून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला.

दोन महिन्यांनी क्लबने खांबपुढे नवा करार ठेवला. तीन मोसमांचा. कोचबाईंनी भांडून मिळवला होता तो, कारण खांबची किंमत त्यांना ठाऊक होती. खांबने सही केली नाही. आम्ही दोघी सरावाच्या गावी त्याच नेहमीच्या खोलीत होतो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या एका पँटमध्ये मी दोनदा मावेन, तिच्या घड्यांना वेळ लागायचा.

"मला उशीर व्हायला लागलाय," ती म्हणाली. "पाव सेकंद घोटून घालवता येतो. अर्धा नाही. आणि मला कळलंसुद्धा नाही गं. मला वाटत होतं मी वेळेत आहे. कळत नाही म्हणजे संपलंच ना? कुणी ऊठ म्हणायच्या आधी आपण उठावं."

मी पलंगावर मांडी घालून केळं खात होते. ते केळं मला अजून आठवतं. मी म्हटलं, "अगं, एका वेळचं काय घेऊन बसलीस?"

"एका वेळचं तूच तर बघितलंस."

आता बोल, असं माझं मन मला म्हणत होतं. पण महिन्यापूर्वीच मला कर्णधार केलं होतं. रस्त्याने माणसं थांबवून सह्या घेत होती. सगळ्या संघापुढे खोटं पडायचं, तेही तिच्यावर ढकललेलं खोटं. मी मूग गिळून बसले. केळ्याचं साल टोपलीत टाकलं आणि म्हटलं, "तुला योग्य वाटेल ते कर." ती एकतीस वर्षांची होती. तिच्या जागची माणसं पस्तिशीपर्यंत सहज खेळतात.

निरोपाच्या दिवशी क्लबने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याच्या डोक्यातून ते निघालं त्याचं मी काय सांगू!

त्यानंतर मी चार मोसम खेळले, एकटीची खोली घेऊन. तिचे फोन यायचे, मी कामात असायचे. मग तिचे फोन थांबले. तिने आईजवळ राहून औषधांच्या गोदामात नोकरी धरली एवढं कळलं होतं. मी जाईन म्हणत राहिले. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही, पण खवखवतं म्हणून माणूस लगेच तोंड उघडतो असंही नाही.

अंतिम सामन्याला नऊ वर्षं झाल्यावर तोंड उघडायची वेळ आणली ती एका पंधरा वर्षांच्या पोरीने. मी आता मुलींना शिकवते. सरावात एका पोरीने मोकळ्या उभ्या असलेल्या मैत्रिणीला पास न देता स्वतः बास्केट मारली. मी शिट्टी वाजवून विचारलं, का नाही दिलास? तिने पापणीही न हलवता सांगितलं, "ती उशिरा आली, मॅडम." ती दुसरी पोर लगेच मान खाली घालून म्हणाली, "सॉरी."

ती उशिरा आलेली नव्हती. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. मी त्या पहिल्या पोरीवर एवढी ओरडले की बाकीच्या भिंतीला लागल्या. मग शिट्टी बाकावर ठेवून बाहेर गेले आणि हात धुवायच्या नळाखाली बराच वेळ हात धरून उभी राहिले. त्याच आठवड्यात मी खांबच्या गावची बस धरली.

गोदाम पाच वाजता सुटायचं. मी साडेचारलाच पोचले. छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि त्यांवर खोकी. बाकीची माणसं चाकाची शिडी ढकलत फिरत होती. खांब शिडीशिवाय सहाव्या खणातली खोकी उतरवत होती. टाच उचलून, दोन्ही हात वर करून. मी दारातच थांबले. ती वळली, तिने मला बघितलं, हातातलं खोकं आधी नीट खाली ठेवलं आणि मग म्हणाली, "बारीक झालीस."

"तू नाही झालीस," मी म्हटलं. ती हसली. मला तेवढ्यानेच रडू येईल असं वाटलं.

वाटेत ती गोदामातल्या गमती सांगत होती आणि मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. घरी गेल्या गेल्या सांगायचं, पाणी पिण्याच्याही आधी, असं मी बसमध्येच ठरवलं होतं. दोन मजले चढून वर गेलो. दाराच्या चौकटीला वरच्या बाजूला काकूंनी शिवलेली एक छोटी गादी खिळे मारून बसवली होती, लेकीचं डोकं आपटू नये म्हणून. तिच्यावरही लाल चौकड्या होत्या.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. मशीन तिथेच होतं, पण त्यावर आता औषधांच्या बाटल्या होत्या. त्यांनी डोळे बारीक केले.

"लवंगी ना गं तू? आज कशी वाट चुकलीस?"

"तुम्हाला भेटायला आले काकू."

"नऊ वर्षांनी! मूर्ती लहान, कीर्ती महान. मोठी झालीस, विसरलीस." मग त्यांनी मला जवळ बसवून माझा हात आपल्या हातात घेतला. "थांब, तुला दाखवते. तिकडे बघ, भिंतीवर."

निरोपाच्या घड्याळाशेजारी, काचेच्या चौकटीत, पेपरातला फोटो होता. मी उडी मारलेली, तोंड वासलेलं, चेंडू अजून माझ्या बोटांत. आणि उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या कडेशी, दोन हात. चेहरा नाही, धड नाही, नुसते कोपरापासून वरचे दोन हात. मी तो फोटो हजारदा बघितला होता, क्लबच्या कचेरीत तो भिंतभर लावलेला आहे. त्या कोपऱ्याकडे मी कधी बघत नसे.

"कुणाचे हात ते?" काकूंनी विचारलं आणि माझी वाट न बघता स्वतःच सांगितलं, "हिचे! पट्ट्या माझ्या हातच्या, मी ओळखणार नाही? आधी मला काही उमजलंच नव्हतं बाई. म्हटलं, ही अशी शरण आल्यासारखी हात वर करून काय उभी राहिली? तर ही म्हणाली, आई, तसंच ठरलं होतं. मी हात वर करायचे, सगळ्यांना वाटणार चेंडू माझ्याकडे येतोय, सगळ्या फसणार आणि तेवढ्यात लवंगी मारणार. म्हणजे जिंकलात ते कुणामुळे? घरात येईल त्याला मी हे सांगते. शेजारच्या बाई म्हणायच्या, तुमची मुलगी काय करते, नुसती उभी तर राहते. त्यांना इथे आणून उभं केलं या फोटोपुढे. खरं आहे ना गं? तसंच ठरलं होतं ना?"

मी खांबकडे बघितलं. ती माठातून पाणी घेत होती, पाठ माझ्याकडे. पेला भरून वाहायला लागला तरी तिने हात थांबवला नव्हता.

नऊ वर्षं उशीर करून आणलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते बोलले असते तर मी सुटले असते आणि या म्हातारीच्या भिंतीवर नुसते दोन रिकामे हात राहिले असते.

"हो काकू," मी म्हटलं. "अगदी तसंच ठरलं होतं. हिच्यामुळेच जिंकलो."

"बघ!" काकू लेकीला म्हणाल्या.

मी पाणी प्यायले, काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली, उठले. खांब मला सोडायला आली. पहिल्या वळणावर ती जिन्यात थांबली. दोन पायऱ्या खाली मी, वर ती. तिचा चेहरा बघायला मला मान अगदी मागे टाकावी लागली.

"आईसमोर नाही बोललीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "आता सांग. किती?"

सराव संपल्यावर विचारायची तसंच. तोच स्वर.

"बरोबर वेळेत होतीस," मी म्हटलं. "थोडी आधीच. मला दिसली होतीस. आपली नजरानजर झाली होती. मला ती बास्केट हवी होती म्हणून..."

"फोटोत चेंडू तुझ्या हातात आहे." ती माझ्याशी नव्हे, कठड्याशी बोलल्यासारखी बोलत होती. "पहिली चार वर्षं मी त्याच्याकडे बघतच नव्हते. मग एकदा काच पुसायला घेतली तेव्हा लक्षात आलं. चेंडू तुझ्या हातात, आणि माझे हात वर. मी कितीतरी वेळ ते फडकं घेऊन उभी होते. पण मग म्हटलं, फोटोला काय कळतंय? लवंगीने बघितलंय, तर तेच खरं असणार."

"माफ कर मला."

तिने माफ केलं नाही आणि नाही केलं असंही म्हणाली नाही. खाली वाकून तिने आपल्या पोटऱ्या दाबल्या, दिवसभर उभं राहून दुखत असतील.

"माझ्या पायांत तीन वर्षं होती गं," ती म्हणाली. "निदान तीन."

वरून काकूंनी तिला हाक मारली. "आले," म्हणत ती पायऱ्या चढायला लागली. दारावर ती गादी होती, तरी तिने सवयीने मान वाकवली, आत गेली आणि दार लावून घेतलं.